आरमार कोणाचं, पहारा कोणावर?

प्रश्न: विजयदुर्गच्या सहलीत गाइडने सांगितलं, की आंग्र्यांना संपवण्यासाठीच इंग्रजांनी मुंबईत आरमार उभारलं. हे खरं का? आणि पेशव्यांनी त्यांना साथ का दिली?
– एक वाचक, नारायण पेठ

उत्तर: नाही हो, ते आरमार कान्होजींच्या जन्माआधीचं. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात थॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगिजांना हटवलं. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने आपली मालाची जहाजं राखायला छोटा ताफा ठेवला. माल वाटेतच लुटला गेला तर वखार घेऊन करायचं काय? पुढे १६८६ मध्ये कंपनीचा मुख्य तळ मुंबईला आला आणि ताफ्याचं नाव 'बॉम्बे मरीन' पडलं.

गंमत म्हणजे त्यांच्या ताफ्यातही आपल्याच धाटणीच्या गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) आणि गलबतं (वल्ह्यांवरही चालणारी लहान जहाजं) होती. गुराबेच्या नाळेतल्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, तोफा थेट समोर रोखलेल्या असत. वारा पडला की गलबतं वल्ही मारत तिला ओढून नेत. आंग्र्यांचे लोक मोठ्या जहाजाच्या पिछाडीला जाऊन मारा करत, कारण तिथे तोफा कमी. दस्तक, म्हणजे जहाजांना समुद्रात फिरायचा परवाना, आंग्रेही देत आणि कंपनीही देई. तरी एकाला समुद्री चाचा म्हणायचं आणि दुसऱ्याला रक्षक, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता पेशव्यांचं. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे नानासाहेब पेशव्यांना जुमानेना, म्हणून पुण्याने कंपनीशी हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्ये बॉम्बे मरीनच्या विल्यम जेम्सने 'प्रोटेक्टर' जहाजावरून मारा करून सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अॅडमिरल वॉटसन आणि फौजेसह रॉबर्ट क्लाइव्ह तुळाजीच्या विजयदुर्गावर चालून आले. आंग्र्यांची जहाजं खाडीत एकमेकांना बांधून उभी होती. एकावर गोळा पडून आग लागली आणि बघता बघता अख्खं आरमार जळालं. ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळायचा, पण इंग्रज हलेनात. अखेर ऑक्टोबरच्या तहात तो आला, त्या बदल्यात बाणकोट कंपनीला गेलं. तुळाजीचा काटा काढण्याच्या नादात कोकण किनाऱ्यावर कंपनीला अडवणारं सगळ्यात जबर आरमार आपणच बुडवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताफ्याचं पुढचं थोडक्यात: १८१९ मध्ये इराणच्या आखातात रास अल खैमाची मोहीम, १८३० मध्ये 'इंडियन नेव्ही' हे नाव, १८६३ मध्ये बरखास्ती. जेम्सच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ मनोरा बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचंच नाव दिलं. अजून उभा आहे. लंडनला कोणी भाचा-पुतण्या असेल तर त्याला जाऊन बघायला सांगा.