आधी मालकांशी बोल, सही नंतर

*ताई, वय 24. सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो, वडील यंत्रमागावर आहेत. अकरावीपासून एका साउंडवाल्या मालकांकडे ऑपरेटर आहे. मिरवणुका, जयंत्या, लग्नं. रात्री घरी लॅपटॉपवर स्वतःचे ट्रॅक बनवतो. शेजारच्या काकांची हलगी मोबाइलवर रेकॉर्ड करून हाऊस या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताच्या बीटवर बसवली, ती रीलवर तुफान चालली. आता एका लेबलचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा, करार आलाय आणि बेंगळुरूच्या क्लबचं बोलावणंही. तारीख नेमकी अनंत चतुर्दशीची! मालकांनी त्या दिवसाची सुपारी घेतलीय, इसारही आलाय. त्यांनी मला मुलासारखं सांभाळलं. आई म्हणते, भाकरी देणाऱ्याला सोडू नकोस. काय करू?*

अरे, आधी मनापासून शाबासकी घे. हलगी हाऊसवर बसवणं म्हणजे सोलापूरच्या पोरानं उसनं काही आणलेलं नाही. 1982 साली मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली. तशाच यंत्रांवरचं शिकागोचं अ‍ॅसिड हाऊस त्यानंतर काही वर्षांनी आलं. आणि 2024 मध्ये क्रेटेक्स या आपल्याकडच्या डीजेचा मराठी हाऊस ट्रॅक नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या लेबलनं काढला. तेव्हा आपल्या भाषेत, आपल्या तालात चालणार नाही, ही भीती काढून टाक.

आता तारखेचं. अनंत चतुर्दशीला तू सोलापुरातच राहा. मालकांनी इसार तुझ्या भरवशावर घेतलाय, आणि ऐन विसर्जनाला दुसरा ऑपरेटर कुठून मिळायचा? क्लब तर दर शनिवारी चालू असतो. त्यांना आजच फोन करून दुसरी तारीख माग. नाही म्हणाले तर जाऊ दे. वाईट वाटेल, पण ज्याचा ट्रॅक चालतो त्याला पुन्हा बोलावतात.

पण आईचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मालकांचे उपकार आहेत म्हणून आयुष्यभर त्यांचाच मिक्सर सांभाळायचा, असं नाही. मालकांना या आठवड्यात गाठ, त्यांच्या गोडाऊनवर जाऊन समोर बसून सांग: हा सीझन पूर्ण करतो, हाताखालचा पोरगा तयार करून देतो, दिवाळीनंतर मला मोकळं करा. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर मात्र त्यांना लागेल, आणि ते योग्यच असेल.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू सहज लिहून गेलास आणि मी तिथेच अडकले. हलगी काकांची आहे. त्यांना विचारलंस का? लेबलला सही देण्याआधी त्यांच्या घरी जा, ट्रॅक ऐकव, त्यांचं नाव टाक आणि पैशातला वाटा कागदावर लिहून दे. ट्रॅकचा जीव त्यांच्या हातात आहे. उद्या पैसा आल्यावर हे बोलणं फार अवघड जातं, गल्लीत तोंड दाखवणंही.

करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. कोर्टाकडे बसणारा कुठलाही वकील नको, कॉपीराइटचं काम केलेला शोध, पुण्याला जावं लागलं तरी जा. मुदत किती आणि कुठल्या देशांसाठी, हे बघ. लिहिलेलं नसेल तर आपला कॉपीराइट कायदा 5 वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो, म्हणूनच बहुतेक करारांत ‘कायमचे’ आणि ‘संपूर्ण जग’ असं आधीच छापलेलं असतं. तिथे भांड. आणि त्याच कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवलाय, तो लिहून देऊ नकोस. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व लगेच घे. हिंदी गाणी एकत्र जोडून केलेले मॅशअप मात्र लेबलला पाठवू नकोस, ती गाणी तुझी नाहीत.

आणि कान. हे मी रागावूनच सांगतेय. 85 डेसिबलला 8 तास ही मर्यादा मानतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं. तू वर्षानुवर्षं बेसच्या भिंतीसमोर उभा आहेस. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, पहिल्या पैशातून ते घे, आणि एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. रात्री कानात शिट्टी वाजत असेल तर डॉक्टरकडे जायला विसर्जनाचीही वाट बघू नकोस.

आईला बेंगळुरूचं बोलावणं रद्द झालं असं सांगू नकोस, पुढे ढकललं म्हणून सांग. दुसरी तारीख मिळाली की तिला घेऊन जा. रात्री तू कुठे, कोणासमोर वाजवतोस हे तिनं एकदा डोळ्यांनी पाहू दे.

तुझी ताई