खर्च कोणाच्या माथी?

नागपूर

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

‘प्रदूषण रोखण्याचा खर्च उद्योगांनीच उचलावा’ हा वादविवाद स्पर्धेचा विषय असून तू अनुकूल बाजूने बोलणार आहेस, हे पत्रावरून कळले. सोबतचा मसुदा मी दोनदा वाचला. भाषा चांगली आहे आणि तळमळ खरी आहे. पण पहिल्याच वाक्यात तू ‘हा खर्च करणार कोण?’ असे विचारतेस आणि तिथेच अर्धा डाव प्रतिपक्षाच्या हाती देतेस. त्या प्रश्नातून असे ध्वनित होते की खर्च अजून सुरू व्हायचा आहे. प्रत्यक्षात तो रोज चालू आहे; तो आज कोणाच्या खिशातून जातो, एवढेच आपल्याला विचारायचे आहे.

उदाहरणासाठी लांब जाऊ नकोस. नाग नदी शहरातले सांडपाणी पोटात घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते पाणी गोसेखुर्दच्या जलाशयात जाऊन साठते. त्या काठावर मासेमारी करून जगणाऱ्या ढिवर कुटुंबाने नागपुरात कारखाना काढलेला नाही की घर बांधलेले नाही. तरीही पाणी बिघडल्याने जाळ्यात जे कमी येईल, त्याची तूट त्याच कुटुंबाला सोसावी लागते, आणि त्या तुटीची पावती कोणी फाडत नसल्यामुळे ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

आता तुझी खरी अडचण पाहा. हे सांडपाणी मोठ्या प्रमाणात तुझ्या-माझ्या घरातले आहे. म्हणजे विषयातला ‘च’ तुला नडणार आहे, आणि चांगला प्रतिस्पर्धी नेमके त्यावरच बोट ठेवील. तो विचारील की उन्हाळ्यात चार-चार महिने रात्रंदिवस कूलर चालवणाऱ्या नागपूरकरांनी शहराजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या धुराबद्दल उद्योगाला कोणत्या तोंडाने बोल लावावा? ‘वीज मुंबई-पुण्याला आणि राख आम्हाला’ हे वाक्य तुझ्या मसुद्यात आहे. विदर्भाची ती व्यथा मलाही जाळते, पण ते अर्धेच सत्य आहे, म्हणून एकट्या त्या वाक्यावर विसंबू नकोस.

कायद्याची बाजू तुझ्याकडे भक्कम आहे. तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानले, आणि २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याने निवाडा देताना ते लावणे बंधनकारक केले. मात्र हे तत्त्व केवळ दंडापुरते समजू नकोस. कारखानदार हा खर्च शेवटी मालाच्या किमतीत घालणार, हे प्रतिपक्ष आक्षेप म्हणून मांडील. तू ते शांतपणे मान्य कर. किमतीत तो खर्च दिसू लागला की माल घेणाराही त्यात वाटेकरी होतो, आणि आजवर फुकट भरणारा गोसेखुर्दचा माणूस त्यातून सुटतो. यापेक्षा न्याय्य वाटणी मला ठाऊक नाही.

सरकारी तिजोरीने भरावे, असे म्हणणाऱ्याला कोळशावरच्या उपकराची गोष्ट सांग. २०१० मध्ये टनामागे ५० रुपये असा स्वच्छ ऊर्जा उपकर सुरू झाला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्याची जागा राज्यांच्या महसुली तुटीची भरपाई करणाऱ्या उपकराने घेतली. पैसा कोळशावरच गोळा होत राहिला, पण त्याचा हेतू बदलला. म्हणून पैसा कोण देतो याबरोबरच तो कुठे पोहोचतो हेही विचारत जा.

प्रतिपक्षाचा सर्वांत जड मुद्दा विजेच्या दराचा असेल. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती पुन्हा पुन्हा वाढली, आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि धुरातून हा वायू काढून घेणारी यंत्रणा महाग पडते, हे त्यामागचे युक्तिवाद आधी प्रामाणिकपणे मांड. मग सांग की हाच वायू हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण तयार करतो आणि ते थेट फुप्फुसात उतरतात. दरवाढ वाचली म्हणजे खर्च वाचला असे होत नाही. तो वीजबिलातून निघून दवाखान्याच्या बिलात गेला, एवढेच.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो, तेही सांगतो. अध्यापनात येण्याआधी मी एका कारखान्यात केमिस्ट होतो. तिथल्या सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्री बंद ठेवले जात, कारण विजेचे बिल वाचे. हवा तुटली की टाकीतले जिवाणू गुदमरतात. सकाळी तपकिरी गाळ काळा पडलेला दिसे आणि सडक्या अंड्यासारखा वास नाकात भरे. मी मात्र रात्रीच्या रकान्यात दिवसाचाच आकडा लिहून खाली सही करत असे. कुंपणापलीकडच्या विहिरीचे पाणी लोकांनी हळूहळू वापरायचे सोडले आणि बायका दूरच्या हातपंपावर जाऊ लागल्या. कारखान्याच्या वहीत ती बचत होती. त्या बायकांच्या डोक्यावर तोच हंडा होता. ब्लोअर बंद करण्याचा निर्णय माझा नव्हता, पण सही माझी होती, आणि ती सल अजून गेलेली नाही. खर्चाचे भाग पाडता येतात, ते मालक, ग्राहक आणि सरकारने कमी-अधिक उचलावेत. सहीचे भाग पडत नाहीत. तुझ्या भाषणात हा फरक मला कुठेच दिसला नाही. ‘उद्योगांनीच’ या शब्दाचा बचाव करायचा असेल तर तो याच जागेवरून होईल.

एक आशेची गोष्टही घाल. भांडेवाडीत प्रक्रिया केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला विकले जाते. महापालिकेला पैसे मिळतात आणि तितके ताजे पाणी पिण्यासाठी मोकळे होते. व्यवस्था निर्दोष आहे असे नाही, पण घाणीचा हिशेब एकदा मांडला की ती विकताही येते, हे आपल्याच शहराने दाखवले आहे.

मसुदा सुधारून रविवारी घेऊन ये. येताना घरचे मे महिन्याचे वीजबिलही आण. प्रतिपक्ष तेच तुझ्यापुढे धरणार आहे, तेव्हा त्याचे उत्तर आपण आधी शोधू.

तुझे
सर