वादग्रस्त मत परवडलं, पण रंजक माहिती नको

प्रश्न असा आहे : ‘नुकतीच कळलेली एखादी भन्नाट गोष्ट आणि चारचौघांत बोलायला कचरता असं तुमचं एखादं मत, दोन्ही सांगाल का?’

सांगतो. माझ्या बाबतीत दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून आधी गोष्ट.

पालकात खूप लोह असतं हा समज दशांश चिन्हाच्या चुकीमुळे पसरला, हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. एकोणिसाव्या शतकात कुणा जर्मन शास्त्रज्ञाने टिंब एक घर सरकवलं, लोह कागदावर दहापट झालं आणि कार्टूनमधला तो खलाशी डबेच्या डबे पालक रिचवायला लागला. कथा झकास आहे. शास्त्रज्ञांची फजिती आहे, एवढ्याशा टिंबाचा एवढा मोठा घोळ आहे, आणि सांगणाऱ्याला आपण चार बुकं जास्त वाचल्याचा आनंदही मिळतो.

मला नव्याने कळलं ते हे की ही टिंबाची कथाच बिनबुडाची आहे. ती गाजली १९८१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या टी. जे. हॅम्ब्लिन यांच्या लेखामुळे. लेखाचा विषय काय, तर विज्ञानातली बनवाबनवी! टिंबाच्या चुकीला त्यात संदर्भच दिलेला नव्हता. २०१० साली माइक सटन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकाने तिचा माग काढला, तेव्हा हाती पुरावा लागला नाही. पुढे २०१४ मध्ये ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी यावर अख्खा निबंध लिहिला. मूळ लेख न उघडता एकमेकांच्या तळटीपा उचलून विद्वानांनीच ही दंतकथा कशी पुढे ढकलली, हे त्यात आहे. चुकीच्या संदर्भांमुळे खोटी माहिती कशी पसरते हे बजावणाऱ्या एका लेखातसुद्धा हीच कथा नमुना म्हणून दिली होती. यावर हसावं की रडावं! (पालकाचं म्हणाल तर १०० ग्रॅम कच्च्या पानांत साधारण २.७ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे अगदीच कमी नाही. पण त्यातलं थोडंच अंगी लागतं.)

आता मत. अनोळखी लोकांसमोर वादग्रस्त मत मांडण्यापेक्षा ‘तुम्हाला माहीत आहे का?’ छापाची माहिती टाकणं जास्त घातक आहे. मत मांडलं की पाच मिनिटांत कुणीतरी बाह्या सरसावून हजर होतो. ‘कशावरून?’ विचारतो, आकडे मागतो, वेळप्रसंगी शिव्याही देतो. त्या रेट्यात मताची बरीचशी तपासणी आपोआप होते. रंजक माहितीला कुणी हटकत नाही. ‘वा!’, ‘मस्त’, ‘हे माहीतच नव्हतं’, आणि चालली पुढे. ज्या माहितीने कुणाचंच काही बिघडत नाही, ती पडताळायची तसदी तरी कोण घेणार?

आणि नवलाईला पाय फुटतात हे तर मोजूनही झालं आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या. ‘सायन्स’मध्ये २०१८ साली निष्कर्ष आले : खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त. स्वयंचलित खाती वगळून पाहिलं तरी चित्र तेच, म्हणजे हे काम माणसांचंच. खोट्या बातम्यांखालच्या प्रतिसादांत आश्चर्य जास्त दिसत होतं, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, मतांनी माणसं दुखावतात, पालकाने कोण दुखावतंय? मान्य. कुणाला माणूस म्हणून कमी लेखणं याला मी मत म्हणतच नाही, त्याची वकिलीही करत नाही. मी बोलतोय ते करधोरणं, परीक्षापद्धती, ईश्वर आहे की नाही असल्या वादांबद्दल.

माहिती वाटूच नका असं माझं म्हणणं नाही. पण उकरून पाहिली की ती बहुतेक वेळा आणखी रंगते. ‘शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा’ हे सगळीकडे फिरत असतं. ताऱ्यांच्या संदर्भाने शुक्राची स्वतःभोवतीची फेरी सुमारे २४३ पृथ्वी-दिवसांची आणि सूर्याभोवतीची सुमारे २२५ दिवसांची, म्हणजे बरोबर. पण शुक्र उलटा फिरतो, त्यामुळे एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत जातात जेमतेम ११७ दिवस. म्हणजे तिथे एका वर्षात साधारण दोनदा सूर्य उगवतो, आणि तोही पश्चिमेला. मूळ वाक्यापेक्षा हे कितीतरी मजेदार आहे, पण एका ओळीत मावत नाही, म्हणून फिरत नाही.

मतांच्या बाबतीत मी एकच पथ्य पाळतो : काय दाखवलं तर माघार घेईन, तेही लिहून टाकतो. इथे ते असं. एखादी चुकीची रंजक माहिती जितक्या लोकांपर्यंत गेली, जवळपास तितक्याच लोकांपर्यंत तिची दुरुस्तीही पोहोचते, असं कुणी दाखवून दिलं तर हे मत मी मागे घेईन.