स्ट्रोकनंतरच्या रिहॅबचं (पेशंटला परत हिंडता-फिरता करण्याचं) नर्सना कितपत कळतं? वडिलांसाठी घरी ब्युरोची, म्हणजे नर्स पुरवणाऱ्या एजन्सीची, नर्स ठेवली तर चालेल का?

कळतं. चांगलं कळतं. "नर्सचं काम इंजेक्शन आणि बीपी, रिहॅब फिजिओ बघेल" हे ठाण्यातल्या वॉर्डांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. फिजिओ येतो, व्यायाम घेतो, जातो. बाकी दिवसभर आणि रात्रभर पेशंट कुठल्या कुशीवर झोपलाय, लुळा हात कुठे लोंबकळतोय, पाणी कोणी कसं पाजलं, हे कोण बघतं?

घोडबंदर रोडच्या एका खाजगी हॉस्पिटलात होते तेव्हाचं सांगते. वर्तकनगरचे एक काका होते, टेलरिंग करायचे, डावी बाजू पूर्ण गेलेली. मी ड्युटीवर आले तर मुलगा आणि वॉर्डबॉय दोघं मिळून काखेत हात घालून त्यांना खुर्चीतून कॉटवर ओढतायत. आता लकवा झालेल्या बाजूचे स्नायू सुरुवातीला सैल पडलेले असतात, खांदा धरून ठेवायला काही नसतं, तिथे असं खेचलं की सांधा खाली उतरतो, मग महिनोन्महिने ठणका आणि दुखतं म्हणून पेशंट फिजिओला हातच लावू देत नाही. मी तिथेच थांबवलं. कॉट त्यांच्या उजव्या, चांगल्या बाजूला येईल अशी खुर्ची फिरवून घेतली, कमरेला धरून त्यांना कॉटवर घेतलं, डावा हात पूर्ण उशीवर ठेवला. तेवढ्यात सून थर्मासमधला चहा द्यायला लागली, तोही थांबवला, काकांना सरळ बसवून आधी चमचाभर पाणी दिलं, तर गिळल्यावर आवाज ओला, घरघरता, म्हणजे गिळणं नीट होत नव्हतं. डॉक्टरांना कळवलं, तोंडाने सगळं बंद झालं आणि राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) पडली. चहा छातीत गेला असता तर न्यूमोनियाची भीती होती. पण मुलाने तक्रार केली आणि इन्चार्ज मॅडम सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "ते फिजिओ बघेल, तू तुझे चार्ट लिही."

मॅडम, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या 19 स्ट्रोक युनिट्समध्ये यावरच अभ्यास झालाय, 2011 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलाय. पहिले 72 तास नर्सनी ताप, शुगर आणि गिळणं या तीनच गोष्टी ठरवून सांभाळल्या, तर 90 दिवसांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले पेशंट 42 टक्के होते, जिथे हे केलं नाही तिथे 58. आणि हे नर्सचं काम नाही म्हणे!

आमच्याकडे अडतं ते माणसांवर. नाईटला अख्ख्या वॉर्डात एक सिस्टर असेल तर दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस कोण बदलणार? बरं, सगळ्याच सिस्टर्सची बाजू मी घेत नाहीये. पेशंट सांगू शकत असताना, युरिनल देता येत असताना सोयीसाठी डायपर लावून मोकळ्या होणाऱ्या पण पाहिल्यात, त्यांना माफी नाही. जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, तीन वर्षं करून असं वागायचं असेल तर काय बोलणार.

ब्युरोचं म्हणाल तर "नर्स" म्हणून बऱ्याचदा अटेंडंट पाठवतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मागा. नसेल तर मायेने करणारी मावशी असू शकते, पण आधी फिजिओकडून समोर बसून तिला शिकवून घ्या, आणि राईल्स ट्यूब तिच्या भरवशावर सोडू नका.

एक राहिलंच, स्ट्रोकच्या पेशंटला लवकर उठवा म्हणतात, पण लवकर उठवायचं म्हणजे पहिल्याच दिवशी दणादण चालवायचं नाही, 2015 च्या अव्हर्ट नावाच्या अभ्यासात 24 तासांच्या आत जास्त जोर लावलेल्यांचं उलट बिघडलं होतं. कधी आणि किती ते डॉक्टर ठरवतील, मी इथून तुमच्या वडिलांबद्दल सांगू शकत नाही. पण वॉर्डातली सिस्टर "असं उचलू नका" म्हणाली तर ऐका, कसं उचलायचं ते तिच्याकडूनच शिकून घ्या, आणि लगेच इन्चार्जकडे तक्रार घेऊन धावू नका.