क्लोन केलेल्या जनावरांचं मांस विकायला परवानगी मिळाली, तर मराठवाड्यातले लोक ते खातील का?

खातील, पण आधी सांगून विकलं तर. लपवून विकलं आणि मागाहून कळलं, तर साधं मटण घ्यायलाही कुणी दुकानाची पायरी चढणार नाही. अशी विक्री मुळात होऊ द्यावी का, असंही तुम्ही विचारलंय. मी कळंब तालुक्यात उस्मानाबादी शेळ्या पाळते, आमचं घर बोकडांच्या विक्रीवर चालतं. त्यामुळे माझं मत ठाम आहे: सांगायची तयारी असेल तर विका, नसेल तर विकू नका.

आधी क्लोन म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळांच्या डोक्यात ते प्रयोगशाळेत भांड्यात वाढवलेलं मांस असतं. तसं काही नसतं. एखाद्या उत्तम जनावराची पेशी घेतात. दुसऱ्या मादीच्या बीजांडातलं केंद्रक काढून तिथे या पेशीचं केंद्रक बसवतात आणि तयार झालेला गर्भ तिसऱ्याच मादीच्या पोटात वाढवतात. जन्मतं ते मूळ जनावराचं जुळंच, फक्त काही वर्षं उशिरा आलेलं. स्कॉटलंडमधली डॉली मेंढी 1996 मध्ये अशीच जन्मली. 277 बीजांडांवर प्रयोग झाला तेव्हा ती एक हाती लागली. आपल्या देशातही हे झालंय. हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत 2009 च्या फेब्रुवारीत म्हशीचं पहिलं क्लोन पारडू जन्मलं आणि काही दिवसांतच दगावलं. त्याच वर्षी जूनमध्ये 'गरिमा' जन्मली, ती दोन वर्षं जगली. 2010 ची 'गरिमा-2' मोठी झाली, गाभण राहिली आणि 2013 च्या जानेवारीत व्याली. 2023 मध्ये तिथेच गीर गाईची क्लोन कालवड जन्मली, 'गंगा'.

एवढा खटाटोप करून जन्मलेलं जनावर कापायला कोण नेईल? ते पैदाशीलाच ठेवतात. वळू असेल तर त्याच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या (बारीक नळ्या) गावोगाव जातात. बाजारात येतात ती त्याची पिल्लं, आणि ती नेहमीसारखीच नर-मादीपासून झालेली असतात. म्हणून परवानगीचा वाद क्लोनपेक्षा त्याच्या पिल्लांबद्दल जास्त आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2008 च्या जानेवारीत जाहीर केलं, की गाय, डुक्कर आणि शेळी यांच्या क्लोनचं मांस आणि दूध नेहमीच्या मांस-दुधाइतकंच सुरक्षित आहे. मेंढीबद्दल पुरेशी माहिती नव्हती, म्हणून तिला त्यातून वगळलं. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेलाही त्याच वर्षी खाणाऱ्याच्या दृष्टीने फरक सापडला नाही. पण क्लोन वासरं प्रमाणाबाहेर मोठी होतात, आई व्यायला अडते, जन्मल्यावर बरीच मरतात, याची काळजी त्या संस्थेने नोंदवली. अडलेल्या शेळीजवळ रात्र काढलेल्या माणसाला यातलं दुःख वेगळं सांगावं लागत नाही. माझा स्वतःचा क्लोनला जो काही आक्षेप आहे, तो एवढाच आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

लोकांचं मत मात्र या अहवालांनी फारसं हललं नाही. युरोपात 2008 च्याच पाहणीत 58 टक्के लोकांनी सांगितलं, की खाण्यासाठी क्लोन करणं कधीच योग्य नाही. 83 टक्क्यांचं म्हणणं होतं, की क्लोनच्या पिल्लांपासूनचा माल आला तर त्यावर तसं लिहिलेलं हवं. ब्रिटनमध्ये 2010 मध्ये उघड झालं, की अमेरिकेतल्या क्लोन गाईपासून झालेल्या एका बैलाचं मांस आदल्याच वर्षी लोकांच्या पोटात गेलंय. खाऊन कुणी आजारी पडलं नव्हतं, तरी गदारोळ झाला. कॅनडाच्या आरोग्य खात्याने क्लोन गुरं आणि डुकरांना 'नव्या प्रकारचं अन्न' या यादीतून काढायचं ठरवलं होतं, म्हणजे वेगळी तपासणीही नको आणि लेबलही नको. लोक चिडले, आणि 2025 च्या नोव्हेंबरात ते थांबवावं लागलं. या देशांतला राग मला पूर्ण पटतो. ताटात काय आहे हे न सांगता वाढलं, तर पदार्थ कितीही चांगला असो, घास अडकतोच.

आता आपल्याकडे या. आमच्या गावात मटणाचे वाटे पडतात. दहा-बारा घरं मिळून एक बोकड ठरवतात, सकाळी तो कापतात, ताडपत्रीवर सारखे वाटे घालतात, प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडी चरबी, एखादी नळी. बोकड कुणाच्या दावणीचा, काय खाऊन वाढला, मागच्या महिन्यात त्याला औषध दिलं होतं का, हे घेणाऱ्याला माहीत असतं. नसेल तर तो विचारतो, आणि उत्तर द्यावं लागतं. तालुक्याच्या दुकानात गिऱ्हाईक अनोळखी, तर खाटीक टांगलेल्या बोकडाचं शेपूट आणि अंड तसंच ठेवतो, म्हणजे शेळी किंवा मेंढी नाही हे डोळ्यांनी दिसावं. आपल्याकडे मटणाचं लेबल ते हेच. क्लोनच्या करडाचं शेपूट वेगळं दिसणार नाही. तिथे खाटकाचा शब्द राहतो, पण त्यालाही कुणी सांगितलेलं नसेल तर तो तरी काय सांगणार?

शब्दावरचा विश्वास किती लवकर उडतो हे आपण पाहिलंय. 2020 मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली आणि ब्रॉयलरचे भाव मातीमोल झाले. पुढच्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लूच निघाला, आणि दूरच्या गावांतही कोंबडी विकली जाईना. नीट शिजवलेलं खाल्लं तर धोका नाही असं डॉक्टर सांगत होते, पण ऐकायला कुणी नव्हतं. नुकसान झालं ते पाळणाऱ्याचं. क्लोनची बातमी अशीच मागल्या दाराने फुटली, तर भरडले जाऊ ते आम्हीच, ज्यांनी क्लोन कधी पाहिलाही नाही.

आणि आपल्याकडे हा प्रश्न मांसाच्या आधी दुधाचा येईल, हे फार कुणी बोलत नाही. 2015 पासून महाराष्ट्रात गाय, बैल, वळू कापायला बंदी आहे, म्हणजे गीरच्या क्लोनचं मांस इथे विकलंच जाणार नाही. पण क्लोनच्या वंशाच्या गाई-म्हशी दूध देणार, ते संकलन केंद्रावर शंभर घरच्या दुधात मिसळणार आणि मटणाला कधी न शिवलेल्या माळकऱ्याच्या चहातही जाणार. मत विचारायचं तर त्यालाही विचारा.

विचारून काय होतं याचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्यावर सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, लोक तावातावाने बोलले, आणि 2010 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ते वांगं थांबवलं. बीटी कापूस मात्र 2002 पासून शेतात आहे. त्याच्या सरकीचं तेल आपण खातो, पेंड जनावरं खातात, आणि त्याबद्दल गावात कुणाला विचारल्याचं मला तरी आठवत नाही. (बीटीत बाहेरचं जनुक घातलेलं असतं, क्लोनमध्ये नसतं. दोन्ही एकच आहेत असं माझं म्हणणं नाही.)

सांगणं अवघडही नाही. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतोच, तिथे क्लोनची खूण घालता येईल. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, आणि 2024 पासून राज्यात त्याच्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. अडतं ते पुढे. डोकं वेगळं झालं की बिल्लाही गेला, आणि दुकानात टांगलेल्या मटणाला ना नंबर, ना गाव. परवानगी द्यायच्या आधी तो नंबर दुकानाच्या पाटीपर्यंत न्यावा, ही माझी पहिली अट आहे.

मी स्वतः खाईन का? क्लोनच्या पिल्लाचं, सांगून विकलेलं, खाईन. नवसाला मात्र ते चालणार नाही. कंदुरीचा बोकड आम्ही करडापासून घरच्या दावणीला वाढवतो, आणि माझ्या सासूबाईंना त्याच्या आईची आईसुद्धा माहीत असते.