घरच्या रोबोत पेशंटला बांधण्याआधी
कोथरूडच्या फ्लॅटमध्ये रिहॅबचा रोबो, म्हणजे लकव्याच्या पेशंटचा पाय हलवून व्यायाम करवून घेणारं यंत्र, लावायला निघाली आहेस, तर सगळ्यात आधी यंत्र तातडीने थांबवायचं तांबडं बटण बघ. ते पेशंटच्या धडधाकट हाताला लागलं पाहिजे; लुळ्या बाजूला असेल तर नसल्यासारखंच. यंत्राचा सांधा आणि गुडघा एका रेषेत आण. पाय ताठ केला की मोटर थांबते का, हे आधी स्वतःच्या पायावर करून बघ. पट्टे सोडल्यावर कातडीवरची लाली बोटाने दाब. फिकी पडली नाही, तर त्या जागी पुन्हा पट्टा नको. लकव्यात संवेदना कमी झालेली असू शकते. पेशंट काकांच्या ‘दुखत नाही’वर विसंबू नकोस. गुरुवारी वीज जाते, तेव्हा पाय कसा सोडवायचा हे घरच्यांकडून करवून घे.

विक्रेत्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालचा परवाना माग. यंत्राच्या कॅमेऱ्यातलं चित्रण कुठे जातं तेही विचार.

आणि संमती काकांची घे, मुलाची नव्हे. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं गं! त्यांनी मानेने ‘नको’ म्हटलं की थांबायचं, मुलगा अमेरिकेतून व्हिडिओवर कितीही आग्रह धरू दे.