आजी-आजोबांचा इंग्रजीचा वर्ग

इंदूरच्या आपल्या ज्येष्ठ मंडळींना व्याकरणाने सुरुवात करू नका. दुसऱ्या दिवशी निम्मी गळतात. सिनेमातला दोन मिनिटांचा प्रसंग तीनदा दाखवा: आधी आवाज बंद, मग इंग्रजी सबटायटलसह, शेवटी सबटायटलशिवाय, नुसत्या आवाजासह. हिंदी सबटायटल लावलीत की कान मिटलेच म्हणून समजा. 'ती फुलराणी' नाटक ठाऊक असणाऱ्यांना शॉचं मूळ इंग्रजी 'पिग्मॅलियन' चटकन कळतं.

संवाद माणशी चार ओळी, १८ पॉइंटात छापून. पाठांतर नको, हातात कागद धरूनच अभिनय. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर, 'डब्ल्यू'ला ओठांचा चंबू. समोर आरसा हवाच.

वाक्प्रचार आठवड्याला तीनच. 'अंडर द वेदर' म्हणजे तब्येत बरी नसणं, पण सगळे त्याचा अर्थ हवामानाशी जोडतात. तेव्हा काल सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) जरा जास्तच झाले, आज 'आय अ‍ॅम अंडर द वेदर', असं करून दाखवा.